ल्युकेमियाच्या पेशींवरील जनुक-शमनाचे प्रयोग : या चुका टाळा

एखादे जनुक शमवले (म्हणजे त्याचे काम दाबले) की ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींची वाढ मंदावते आणि आक्रमणही (अडथळा भेदून पुढे सरकणेही) घटते, असा जोडनिष्कर्ष वारंवार वाचायला मिळतो. त्यातला दुसरा भाग पुष्कळदा पहिल्याचीच सावली असतो. समजा, ट्रान्सवेलच्या (सच्छिद्र पडद्याने वर-खाली दोन कप्पे केलेल्या चाचणी-भांड्याच्या) वरच्या कप्प्यात जनुक शमवलेला आणि न शमवलेला (नियंत्रण) अशा दोन्ही गटांच्या एकेक लाख के५६२ (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या ल्युकेमियाच्या) पेशी सोडल्या. या पेशी साधारण २४ तासांत दुप्पट होतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नियंत्रण गटात दोन लाख पेशी झाल्या, शमन केलेल्या गटात मात्र एक लाख वीस हजारच. दोन्हीकडच्या दहा टक्के पेशी पडद्यापार गेल्या, तर खाली २०,००० आणि १२,००० मोजल्या जातील आणि आक्रमणक्षमता तसूभरही न बदलता ४० टक्के घट 'सिद्ध' होईल. म्हणून चाचणीचा अवधी शक्य तितका आखूड ठेवावा आणि खालच्या पेशींचा आकडा त्या वेळच्या एकूण जिवंत पेशींच्या प्रमाणात मांडावा.

मोजण्याची जागाही चुकते. स्तनाच्या वा फुफ्फुसाच्या कर्करोगासाठीची पद्धत जशीच्या तशी उचलून पडद्याची खालची बाजू क्रिस्टल व्हायोलेट या रंगद्रव्याने रंगवली जाते. पण के५६२ किंवा एचएल-६० या ल्युकेमियाच्या तरंगणाऱ्या पेशी पडदा ओलांडल्यावर खालच्या द्रवात सुटतात. तो द्रव ओतून दिला की उत्तरच सिंकमध्ये गेले. पेशी नुसत्या वजनाने छिद्रांतून घरंगळत नाहीत ना, हे कळण्यासाठी खाली आकर्षक द्रव्य नसलेला एक कप्पा हवाच. आक्रमण-चाचणीत पडद्यावर थर द्यायचे मॅट्रिजेल (प्रथिनांचे जेल) बर्फावर वितळवावे आणि पिपेटची टोकेही गार ठेवावीत, नाहीतर थर लावण्याआधीच त्याच्या गुठळ्या होतात.

मुळात शमन झाले का, हेही तपासावे. शमन करणारा आरएनए पेशीत पोचवणारी, चिकटून वाढणाऱ्या पेशींना चालणारी लिपिड-अभिकर्मके या पेशींत बहुधा तोकडी पडतात. तेथे इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने पेशीपटलाला क्षणिक छिद्रे पाडणे) किंवा लेंटिव्हायरस या वाहक विषाणूमधून एसएचआरएनए (शमन करणारा आरएनए) अधिक भरवशाचे. क्यूपीसीआरमध्ये (आरएनएचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत) त्या जनुकाचा आरएनए घटलेला दिसला, तरी आधी तयार झालेले प्रथिन टिकून असू शकते. त्यामुळे ४८ ते ७२ तासांनी वेस्टर्न ब्लॉट ही प्रथिन मोजणारी चाचणी केल्याखेरीज पुढे जाऊ नये. एकाच एसआयआरएनएवर (शमन घडवणाऱ्या छोट्या आरएनएवर) विसंबणे धोक्याचे, कारण तो भलत्याच जनुकालाही गाठू शकतो. निदान दोन वेगळे अनुक्रम घ्यावेत आणि जमल्यास एसआयआरएनएला न जुमानणारे तेच जनुक परत घालून परिणाम पुसला जातो का, ते पाहावे. नुसत्या न हाताळलेल्या पेशी हे नियंत्रण नव्हे. विस्कळीत अनुक्रमाचा, म्हणजे कोणत्याही जनुकाला न गाठणारा, एसआयआरएनए लागतो. के५६२मध्ये त्यांची वाढ चालवणाऱ्या बीसीआर-एबीएल या जनुकाचे शमन सोबत ठेवले, तर पद्धत चालते की नाही, ते लगेच कळते.

एमटीटी चाचणी पेशींची चयापचय-क्रिया मोजते, संख्या नव्हे. सोबत ट्रिपॅन ब्लूने (मृत पेशी रंगवणाऱ्या द्रव्याने) मोजणी आणि ॲनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशी ओळखणारी) चाचणी केली, तर वाढ थांबली की पेशी मेल्या, हे वेगळे करता येते.

एवढे करूनही आकडे आठवड्यागणिक बदलत असतील, तर आधी मायकोप्लाझ्मा (पेशी-संवर्धनात शिरणारा सूक्ष्म जीवाणू) तपासावा. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणलेल्या पेशींपेक्षा पुण्याच्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) सारख्या संस्थेच्या पेशी-भांडारातून ओळख पटलेल्या पेशी घेणे बरे.