‘पायाचं काय न्हाई’ म्हणणाऱ्याचा पाय कसा तपासावा

मधुमेहाचा पेशंट ‘पायाचं काय न्हाई, म्याडम’ म्हणाला की मी आधी त्याची चप्पल हातात घेते. राधानगरी, पन्हाळा, गगनबावड्याकडे नव्याने दवाखाना टाकलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. शुगरचा रिपोर्ट आपण सगळेच बघतो, पाय मात्र झाकलेलाच राहतो. आणि मधुमेहात न दुखणारा पाय जास्त धोक्याचा, कारण संवेदना गेली की माणूस जखमेवर भार देऊन खुशाल चालत राहतो.

चप्पलेच्या आतून बोटं फिरवा. अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवलेली असते, तिच्यात खिळा नसतो. पण तळ झिजला की खाली टायर ठोकून घेतात आणि खिळे येतात. उसाला पाणी पाजून थेट दवाखान्यात आलेल्या एका मामांच्या चप्पलेत टाचेखाली असाच एक खिळा माझ्या बोटाला टोचला. टाचेला भोक पडलं होतं, दाबलं की पू येत होता. मामा म्हणाले, ‘कवा लागलं कळलंबी न्हाई.’ नवी चप्पल असेल तर अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात, पट्टा घासतो तिथे, हमखास बघा.

मग दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करा. फक्त दुखरा नव्हे, दोन्ही. बोटं एकेक करून फाकवा. रोपलावणीच्या दिवसांत बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतातच. पांढरी पडून फाटलेली ती कातडी म्हणजे जंतूंना उघडं दार. चवड्यावर घट्टा असेल तर त्याचा रंग नीट पाहा. आत काळसर-लाल डाग म्हणजे खाली रक्त साकळलंय, कदाचित जखमही झालीय. कुरूप ब्लेडने कापता का, औषधी पट्टी लावता का, हे स्पष्ट विचारा. त्या पट्ट्यांतलं सॅलिसिलिक अॅसिड बधिर पायाला भाजून काढतं, आणि पेशंट आपणहून हे सांगत नाही.

संवेदना तपासायला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट लागतो, म्हणजे ठरावीक दाबाला वाकणारी नायलॉनची तार. ही तपासणी घाईत केली तर उत्तर खोटं येतं. आधी तो पेशंटच्या हाताला टेकवा, म्हणजे काय जाणवायला हवं ते त्याला कळेल. मग डोळे मिटायला सांगा. तळपायाच्या बाजूने अंगठ्याचं टोक, अंगठ्यामागचा उंचवटा आणि करंगळीमागचा उंचवटा, या तीन जागा. तार वाकेल इतकीच दाबायची, सेकंद-दोन सेकंद, आणि घट्ट्यावर नाही. एका जागी तीनदा विचारायचं: दोनदा टेकवून, एकदा न टेकवताच. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर तिथली संवेदना शाबूत धरा. एका लयीत टेकवत गेलात तर पेशंट अंदाजानेच ‘हो’ म्हणत जातो. दहा पेशंट झाले की तार २४ तास बाजूला ठेवा, नाहीतर ती ढिली पडते.

तार नसेल तर नुसतं बोट पुरतं. दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकाशी हलकेच स्पर्श करा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर संरक्षक, म्हणजे इजा जाणवून देणारी संवेदना गेली असं समजा. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क असेल तर तो अंगठ्याच्या वरच्या हाडावर ठेवून कंपन कळतं का बघा.

नाडी दोन ठिकाणी बघायची. पेशंटला अंगठा वर उचलायला सांगितलं की पावलावर स्नायूची एक दोरी (कंडरा) ताठ दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला एक नाडी. आणि आतल्या घोट्याच्या मागे दुसरी. काही निरोगी माणसांतही पावलावरची नाडी लागत नाही, म्हणून घोट्यामागची सोडू नका. पाय गरम लागला म्हणजे रक्तपुरवठा चांगला, असं धरू नका. घोटा आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ च्या खाली असेल तर रक्तवाहिनी अरुंद आहे. पण मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हाच आकडा १.३ च्या वर जातो. तो बघून निर्धास्त होऊ नका, पायाच्या बोटातला रक्तदाब मोजायला पाठवा.

ओळखायला सगळ्यात जास्त चुकतो तो शारको पाय, म्हणजे बधिर पावलातली हाडं-सांधे आतून मोडत जाणं. पाऊल लाल, गरम, सुजलेलं. जखम नाही, दुखणं नावापुरतं. कुणी युरिक अॅसिडच्या गोळ्या देतं, कुणी अँटिबायोटिक. तुम्ही हाताची मागची बाजू दोन्ही पावलांवर फिरवून बघा. इन्फ्रारेड थर्मामीटरवर २ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक आला तर संशय पक्का धरा. पेशंटला झोपवून पाय पाच-दहा मिनिटं उंच ठेवा. शारकोची लाली बहुधा उतरते, जंतुसंसर्गाची तशीच राहते. सुरुवातीचा एक्स-रे साफ नॉर्मल येऊ शकतो, म्हणून त्यावर विसंबून चालायला परवानगी देऊ नका. त्या पायावरचा भार त्याच दिवशी बंद, आणि प्लास्टरसाठी तज्ज्ञाकडे.

जखम असेल तर निर्जंतुक बोथट प्रोब (बारीक धातूची सळई) अलगद आत घाला. टोकाला कडक, खरखरीत लागलं तर हाड गाठलंय. हाडाचा संसर्ग धरूनच पुढे चला. संसर्ग आहे की नाही हे स्वॅबवर (जखमेतला स्राव बोळ्यावर घेऊन केलेल्या जंतूंच्या तपासणीवर) ठरवू नका. लाली, गरमपणा, सूज, वेदना, पू यांतली दोन लक्षणं दिसली की निदान झालं. लाली जखमेभोवती २ सेंटीमीटरपेक्षा जास्त पसरली असेल, ताप असेल किंवा पाय काळा पडत असेल, तर सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात पाठवा.

बाकीच्यांना केसपेपरवर पुढची तारीख लिहून द्या. संवेदना आणि नाडी दोन्ही ठीक तर वर्षाने. नुसती संवेदना गेली असेल तर सहा महिन्यांनी. सोबत बोटं वाकडी असतील किंवा नाडी मंद असेल तर तीन महिन्यांनी, आणि आधी जखम होऊन गेलेल्याला दर महिन्या-दोन महिन्यांनी. चैत्रात जोतिबाला अनवाणी जायचं ठरवलेल्यांना यात्रेआधीच बोलवा. संवेदना गेली असेल तर अनवाणी नको म्हणून स्पष्ट सांगा, आणि अंबाबाईचं दर्शन फरशी तापायच्या आत, सकाळी लवकर, सुती मोजे घालून घ्यायला सांगा.