टोरंट चालू असलं की वेबसाईट उघडत नाहीत? हे करून बघा

काय भो, नेटचं रिचार्ज केलेलं आहे, राऊटरचा लाईट हिरवा आहे आणि तरी सातबाऱ्याचं पान अर्धं येऊन गोल गोल फिरतंय? मग केबलवाल्याला फोन लावायच्या आधी घरातल्या कॉम्प्युटरवर टोरंट (मोठ्या फाइली लोकांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्या-तुकड्याने उतरवणारं आणि वाटणारं सॉफ्टवेअर) चालू आहे का ते बघा. जळगाव-धुळ्याकडे आता गावोगावी एका कनेक्शनवर अख्खं घर चालतं. पोरगं रात्री उबुंटूची (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम) पाच-सहा जीबीची फाईल लावून झोपतं, ती पहाटेच उतरून होते, पण सॉफ्टवेअर थांबत नाही, ते तीच फाईल दुसऱ्यांना वाटत बसतं, आणि सकाळी ताईला विद्यापीठाचा परीक्षा फॉर्म भरायचा तर फोटोच अपलोड होत नाही.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वेबसाईटकडून डेटा आला की आपला कॉम्प्युटर "मिळाला" अशी छोटी पोच परत पाठवत असतो आणि ती पोच अपलोडच्या वाटेने जाते. टोरंटने अपलोड पूर्ण भरून टाकलं की ही पोच रांगेत अडकते, आणि पोच नाही म्हणून समोरून पुढचा डेटाही हळू येतो. एखाद्या घाटात चढणीला ट्रक अडकले की मागची मोटरसायकलसुद्धा तिथेच उभी राहते, तसंच. म्हणून डाउनलोड स्पीड भरपूर असूनही पान उघडत नाही.

पहिलं काम, टोरंट खरंच बंद करा. वरच्या फुलीवर क्लिक केलं की बंद झालं असं वाटतं पण बऱ्याच वेळा ते खाली घड्याळाजवळ लपून चालूच राहतं. तिथल्या आयकॉनवर राईट क्लिक करून एक्झिट करा, दोन-चार मिनिटं थांबा आणि पान परत उघडा. उघडलं तर दुखणं सापडलं. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमध्ये जाऊन तिथेही ते डिसेबल करा, नाहीतर कॉम्प्युटर चालू केला की ते परत सुरू.

आता खरा उपाय, अपलोडला लिमिट लावायची, आणि माझं ऐकाल तर बाकी काही नाही केलं तरी एवढं कराच. टोरंट बंद असताना स्पीड टेस्ट करा आणि अपलोडचा आकडा लिहून घ्या. तो मेगाबिटमध्ये (एमबीपीएस) असतो, टोरंटमधला आकडा किलोबाइटमध्ये, इथेच लोकांची गडबड होते. १० एमबीपीएस अपलोड म्हणजे ८ ने भागून साधारण १२५० किलोबाइट, त्याच्या ७०-८० टक्के म्हणजे ९०० ते १००० टाका. २ एमबीपीएस असेल तर २५० होतात, मग १८० च्या आसपास ठेवा. क्यूबिटटोरंट नावाचं टोरंट सॉफ्टवेअर असेल तर हे टूल्स, ऑप्शन्स, स्पीड इथे आहे, म्यूटोरंटमध्ये प्रेफरन्सेसच्या बँडविड्थमध्ये. शून्य टाकू नका, शून्य म्हणजे लिमिटच नाही. आणि अगदी ५-१० सुद्धा नको, कारण टोरंट बनलंच असं आहे की जो देतो त्याला जास्त मिळतं, तुमचं डाउनलोडही रांगायला लागेल.

लिमिट लावूनही काही साईट उघडतात आणि काही नाही असं होत असेल तर कनेक्शनची संख्या बघा. टोरंट एकाच वेळी शेकडो कॉम्प्युटरशी बोलतं, आणि स्वस्तातल्या राऊटरला एवढ्या जोडण्या लक्षात ठेवता येत नाहीत, त्याची यादी भरली की नवीन पानाला जागाच नसते. क्यूबिटटोरंटमध्ये हा आकडा ५०० असतो, तो १०० ते १५० वर आणा आणि राऊटर एकदा बंद करून चालू करा.

टोरंट बंद आहे, मोबाईलवर सगळं चालतंय आणि फक्त कॉम्प्युटरचा ब्राउझरच अडतोय, तर प्रॉक्सी, म्हणजे नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्फत फिरवणारी सेटिंग, तपासा. कुठल्याही साईटवरून उतरवलेल्या सेटअपसोबत कधीकधी नको ते प्रोग्राम येतात आणि प्रॉक्सी बदलून ठेवतात. सेटिंग्जमधल्या नेटवर्कमध्ये प्रॉक्सी उघडून मॅन्युअल प्रॉक्सी बंद करा (ऑफिसच्या कॉम्प्युटरला मात्र विचारल्याशिवाय हात लावू नका), अनोळखी एक्स्टेन्शन काढा, व्हायरस स्कॅन करा. व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत लपवून नेणारी सेवा) वापरत असाल तर त्याचा किल स्विचही बघा, व्हीपीएन तुटलं की तो सगळं नेट अडवतो. एवढ्यानेही नाही झालं तर शेवटी नेटवर्क रीसेट, पण वायफायचा पासवर्ड परत टाकावा लागेल, तो हाताशी ठेवा.

टोरंट नाहीच घरात? मग विंडोजचं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन बघा, ते अपडेटच्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरना देऊ शकतं. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये सापडेल, बंद केलं तरी अपडेट येतातच.

मोबाईल हॉटस्पॉटवर टोरंट लावूच नका. अपलोडही रोजच्या डेटातूनच कापला जातो, दीड जीबी दुपारपर्यंत संपतो.

हे सगळं करून, टोरंट बंद ठेवून, राऊटरला वायर लावूनही सगळ्या मोबाईल-कॉम्प्युटरवर नेट हळूच असेल, तर मग केबलवाल्याला फोन करा आणि स्पीड टेस्टचे दोन्ही आकडे, डाउनलोड आणि अपलोड, त्याला सांगा.