दिवाळीच्या आत गावाचा पाण्याचा ताळेबंद कसा मांडायचा

दुष्काळ म्हटलं की सगळ्यांना एप्रिल आठवतो. टँकर, हंड्यांची रांग, चारा छावणी. पण एप्रिलमध्ये हातात फार काही उरलेलंच नसतं, जे काय ठरतं ते ऑक्टोबरात ठरतं, हस्त संपला, परतीचा पाऊस गेला आणि गहू-कांदा किती लावायचा हे अजून नक्की व्हायचंय, त्या दोन-तीन आठवड्यात. म्हणून ताळेबंद तेव्हाच मांडायचा. खाली लिहिलंय ते नगर, बीड, जालना, सोलापूर असल्या काळ्या दगडाच्या भागातल्या गावांसाठी आहे, कोकणात याचा उपयोग नाही.

आधी गावात बोलून घ्या, कारण दुष्काळ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो. म्हातारी माणसं ७२ चं सांगतात, तेव्हा खायला धान्य नव्हतं पण विहिरीत पाणी होतं. २०१६ ला उलटं, दुकानात सगळं मिळत होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. बागायतदाराला त्याचा बोअर चालू आहे तोवर दुष्काळ दिसतच नाही. आणि कुठला हातपंप सगळ्यात आधी दम टाकतो हे बायकांना अचूक माहिती असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही. तर त्यांना पहिल्यांदा विचारा. पावसाची नक्षत्रं, त्यांची वाहनं, भेंडवळची घटमांडणी (पाऊसपाण्याचं पारंपरिक भाकीत) यावर बोलणारे बोलू द्या, 'नाही पडल्या मघा तर ढगाकडे बघा' यात बऱ्यापैकी अनुभव आहे, फक्त हिशोब मात्र मोजलेल्या पावसावर करायचा.

पाऊस मोजायला पर्जन्यमापक शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर लावा आणि रोज सकाळी एकाच वेळी आकडा वहीत लिहा. महसूल मंडळाचा आकडा मिळतो पण तो तुमच्या शिवाराचा असेलच असं नाही, एका डोंगराच्या अलीकडे-पलीकडे फरक पडतो. गणित सोपंय, १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर. समजा शिवार १००० हेक्टर आणि पाऊस ४५० मिमी, तर पडलं ४५० कोटी लिटर. आकडा ऐकून लोक खूश होतात, होऊ द्या, त्यातलं बरंचसं वाहून गेलेलं असतं, उडून गेलेलं असतं नाहीतर खरिपाने पिलेलं असतं.

खरं बघायचं ते जमिनीत काय राहिलं. त्यासाठी शिवारात वेगवेगळ्या बाजूच्या आठ-दहा विहिरी निवडा, वरच्या अंगाच्या, ओढ्याकाठच्या, गावठाणातल्या. दोरीला दगड बांधून काठापासून पाणी किती खोल आहे ते मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा मोजा, मोटर रात्रभर बंद ठेवून सकाळी, नाहीतर उपशामुळे पातळी खोटी येते. परस या जुन्या मापात नको, मीटरमध्ये मोजा. दोन्हीतला फरक म्हणजे पाणी किती चढलं. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, पाणी फक्त भेगांत आणि मुरमात बसतं, म्हणून धरायचं ढोबळमानाने २ टक्के, म्हणजे पातळी १०० मिमी चढली तर खरं पाणी २ मिमी. सरासरी ३ मीटर चढलं असेल तर १००० हेक्टरला साधारण ६० कोटी लिटर. भूजल सर्वेक्षणवाले अशाच पद्धतीने काढतात, त्यांची निरीक्षण विहीर तुमच्या जवळपास असेल तर तिचे जुने आकडे मागून घ्या, मागच्या वर्षांशी ताडून बघता येतं.

आता खर्च. पहिला हक्क पिण्याचा. माणशी रोज ५५ लिटर, गावात १५०० माणसं, ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, झाले जवळपास २ कोटी लिटर. मोठी जनावरं ६०० असतील तर दर जनावराला ६० लिटर धरून अजून ८५-९० लाख. म्हणजे अख्खं गाव आणि गोठे मिळून ३ कोटीच्या आत. ६० कोटीतले ३ कोटी! मग टँकर का लागतो? इथे सभेत एक आकडा फळ्यावर मोठ्ठा लिहा. उसाला वर्षाला २००० मिमी तरी पाणी लागतं, म्हणजे एका हेक्टरला २ कोटी लिटर. दीड हजार माणसांचं आठ महिन्यांचं पिणं एका हेक्टर उसाएवढं आहे. हा आकडा दिसला की सभा शांत होते, मग भांडण सुरू होतं, आणि ते व्हायलाच पाहिजे.

६० मधून पिण्याचे ३ काढा, शिवाय पाचवा हिस्सा बाजूला ठेवा कारण थोडं पाणी ओढ्याला झिरपून जातंच आणि पुढचा मृग कोरडा गेला तर हाताशी काहीतरी लागतं. राहिले ४५ कोटी. गव्हाला ४०० मिमी धरलं तर यात ११० हेक्टरच्या आसपास गहू होतो, पण हरभऱ्याला ६० मिमीच्या दोन पाळ्या दिल्या तर ३७५ हेक्टर. कुणाच्या वाट्याला काय येणार हा प्रश्न इथे येतो, आणि सगळ्यात अवघड काम हेच आहे, गणित तर दहावीचा पोरगा करेल. हिवरे बाजारात पाऊस बघून रब्बी ठरते, ऊस-केळी नाही, शेतीला बोअर नाही. पुरंदरला नायगावात विलासराव साळुंखेंनी ७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली तेव्हा पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटलं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा. सगळ्या गावाला एकदम हे पचणार नाही. निदान 'यंदा नवीन ऊस नाही, नवीन बोअर नाही' एवढा ठराव तरी घ्या आणि फलकावर नावांसकट कुणी किती क्षेत्र लावलं ते लिहा. दंडापेक्षा फलकाला लोक जास्त भितात.

शेततळ्याबद्दल थोडं कडू बोलतो. ओढ्याचं वाहून जाणारं पाणी भरलं तर चांगलंच, पण प्लास्टिक टाकून बोअरचं पाणी उपसून त्यात भरायचं म्हणजे सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या ताब्यात आणि वर उन्हाने उडतं ते वेगळंच. ताळेबंदात असली तळी खर्चाच्या बाजूला लिहा.

सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घ्यायला भूजल कायद्यात बंदी आहे हे सभेत वाचून दाखवा, बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

चाऱ्याचा वेगळा तक्ता करा. ज्वारी कमी झाली की कडबा कमी होतो हे लोक विसरतात, म्हणून रब्बी ठरवतानाच ज्वारीला जागा ठेवा आणि ज्यांच्याकडे हिरवा मका आहे त्यांनी मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) करून ठेवावा, मार्चमध्ये कडब्याचा भाव विचारायची सोय राहत नाही.

जानेवारीच्या शेवटी त्याच विहिरी परत मोजा. हिशोबापेक्षा पातळी जास्त खाली गेली असेल तर उन्हाळी पीक बंद, आणि कुणाची खाजगी विहीर पिण्यासाठी अधिग्रहित करायची ते मालकाशी बोलून फेब्रुवारीतच तहसीलला प्रस्ताव द्या, कारण एप्रिलमध्ये आजूबाजूच्या सगळ्याच गावांचे कागद एकाच टेबलावर येऊन पडतात.