चेंडू हवेत असताना

१९ जून २०१६ रोजी ओकलंडमध्ये क्लीव्हलँड कॅव्हलियर्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स यांच्यात एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या अंतिम फेरीचा सातवा सामना झाला. आपल्याकडे तेव्हा सोमवारची पहाट होती. साडेपाच वाजता, घरच्यांची झोपमोड नको म्हणून टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून, मी तो सामना पाहिला. पुढे दोन वर्षांनी एका अकादमीने व्हिडिओ विश्लेषकाच्या जागेसाठी उमेदवारांकडून आवडीच्या कोणत्याही एका सामन्याचा अहवाल मागवला, तेव्हा मी डोळे झाकून हाच सामना निवडला, आणि याच सामन्याने मला नापास केले. या कामात येऊ पाहणाऱ्यांना पिक अँड रोल (सहकाऱ्याच्या बचावपटूला अडवून मग रिंगकडे वळण्याची चाल) म्हणजे काय, स्विच (बचावपटूंनी आपापले प्रतिस्पर्धी अदलाबदल करणे) केव्हा होतो, बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकडेवारीचा तक्ता) कसा वाचतात, हे ठाऊक असणार असे मी गृहीत धरते. मी जिथे घसरले ती जागा मात्र मी जरा पाल्हाळ लावूनच सांगणार आहे, कारण ती दाखवणारे मला तेव्हा कोणी भेटले नव्हते.

माझा अहवाल अकरा पानांचा होता. आकडेमोड चोख होती, आणि तिच्यातला एक हिशेब आजही मला आवडतो. क्लीव्हलँडने ९३-८९ असा सामना जिंकला खरा, पण थ्री-पॉइंटरमध्ये (लांबून घेतलेल्या, तीन गुणांच्या शॉटमध्ये) त्यांनी २५ पैकी फक्त ६ टाकले आणि वॉरियर्सने ४१ पैकी १५. म्हणजे तिथे वॉरियर्स तब्बल २७ गुणांनी पुढे होते. क्लीव्हलँडने ती तूट रिंगजवळच्या आणि मधल्या अंतरावरच्या शॉटमध्ये २० गुणांनी आणि फ्री थ्रोमध्ये (फाउलनंतर मिळणाऱ्या मोफत शॉटमध्ये) ११ गुणांनी भरून काढली. ३१ मधून २७ वजा केले की बरोबर चारचे अंतर उरते. सामना कोणत्या दारातून आत आला आणि कोणत्या दारातून बाहेर गेला हे एवढ्या वजाबाकीवरून कळते, आणि प्रत्येक नवशिक्याने कोणत्याही सामन्याच्या बॉक्स स्कोअरवर ती पाच मिनिटांत करून बघावी. त्याहून अधिक वेळ मात्र बॉक्स स्कोअरला देऊ नये. याच सामन्यात वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनने ३२ गुण, १५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ९ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) केले आणि त्याचा संघ हरला. क्लीव्हलँडच्या केव्हिन लव्हने नऊच गुण केले, पण १४ रिबाउंड घेतले आणि तो मैदानावर असताना क्लीव्हलँड १९ गुणांनी वरचढ ठरले. नुसत्या गुणांच्या रकान्यावर बोट ठेवून लिहिणाऱ्याला लव्ह दिसणारच नाही.

मुलाखत घेणाऱ्या सरांनी हा हिशेब वाचून मान डोलावली आणि थेट दहावे पान उघडले. तिथे शेवटच्या मिनिटाचे वर्णन होते. ४ मिनिटे ३९ सेकंद उरले असताना वॉरियर्सच्या क्ले थॉम्पसनने ८९-८९ अशी बरोबरी केली, आणि त्यानंतर पावणेचार मिनिटे दोन्ही संघांना एकही गुण मिळाला नाही. मग ५३ सेकंद उरले असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगने उजव्या बाजूने वॉरियर्सच्या स्टेफन करीच्या डोक्यावरून थ्री-पॉइंटर टाकला. पुढे चेंडू वॉरियर्सच्या ताब्यात आल्यावर करी केव्हिन लव्हसमोर अडकला आणि त्याने घेतलेला थ्री-पॉइंटर चुकला. मी अर्व्हिंगच्या शॉटला ‘धाडसी’ आणि करीच्या शॉटला ‘उतावळा’ असे म्हटले होते. सरांनी दोन्ही शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “चेंडू हातातून सुटला त्या क्षणापर्यंत या दोन शॉटमध्ये फरक काय, तेवढेच सांगा.”

मला सांगता आले नाही. दोन्ही वेळा स्विच करायला भाग पाडून हवा तो बचावपटू समोर आणलेला होता, दोन्ही वेळा ड्रिबल करत (चेंडू आपटत) जागा काढून, समोर हात उंचावलेला असताना शॉट घेतला गेला. एक आत गेला आणि दुसरा गेला नाही, हा फरक माझ्या दोन विशेषणांत उतरला होता. सरांनी मग मी कधीही न पाहिलेल्या एका सामन्याची चित्रफीत लावली, एका खेळाडूने शॉट मारताच चेंडू हवेत असताना ती थांबवली आणि विचारले, “हा शॉट घेणे बरोबर की चूक?” मी पडद्याकडे पाहत राहिले. असे बारा वेळा झाले. त्या बारांपैकी किती उत्तरे मी दिली ते इथे लिहिणार नाही.

हाच तो सापळा. निकाल आधीच ठाऊक असलेला माणूस शॉट पाहत नाही, तर चेंडू कुठे गेला ते पाहून मागे वळतो आणि त्याला शोभेलसे कारण चिकटवतो. हे नकळत होते आणि हुशार माणसाच्या हातून अधिक सफाईने होते, कारण त्याच्याकडे कारणांचा साठा मोठा असतो. तुम्ही म्हणाल की आम्ही हे जाणतो, आम्ही असे करत नाही. मीही तसेच म्हणत होते. खात्री हवी असेल तर स्वतःचा जुना अहवाल काढून त्यातली विशेषणे मोजावीत: आत गेलेल्या शॉटपुढे किती कौतुक आहे आणि चुकलेल्या शॉटपुढे किती. जवळपास प्रत्येक ठिकाणी रिंगने जो निकाल दिला तोच आपलाही निघाला, तर ते विश्लेषण नव्हे, समालोचन आहे.

त्यानंतर मी जी सवय लावून घेतली ती दिसायला अगदी बाळबोध आहे. पडद्याच्या खालच्या भागात जिथे गुणफलक दिसतो तिथे मी जाड कागदाची पट्टी चिकटवते, मात्र सामन्याचे घड्याळ आणि शॉट क्लॉक (शॉट घ्यायला उरलेले सेकंद दाखवणारे घड्याळ) दिसतील एवढी खिडकी तिला ठेवते. चेंडू हातातून सुटला की लगेच चित्र थांबवायचे. वहीत निळ्या शाईने चार गोष्टी लिहायच्या: समोर कोण होता आणि तो किती जवळ होता, शॉट क्लॉकवर किती सेकंद होते, याहून चांगला पास मोकळा होता का, आणि आपले मत. चित्र पुढे सरकवायचे ते मत लिहून झाल्यावरच. निकाल लाल शाईने, शेवटच्या रकान्यात, आणि तोही पूर्ण क्वार्टर (सामन्याचा चतुर्थांश भाग) झाल्यावर भरायचा. मत लिहिताना गुणफलक लागतोच असे वाटले तर सहाय्यकाला नुसते ‘किती पुढे’ किंवा ‘किती मागे’ एवढेच विचारावे. सहाय्यक म्हणजे माझ्या बाबतीत धाकटा भाऊ, जो दर वेळी निकालही सांगून टाकत असे. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या एका सामन्याला मला पहिल्यांदा दोन रविवार लागले. घाबरू नये, पाचव्या सामन्यापर्यंत वेग येतो. पण पहिल्या सामन्यात वेग आला असेल तर तुम्ही चित्र थांबवत नाही आहात, एवढे नक्की समजावे.

याच पद्धतीने मी तो सातवा सामना पुन्हा पाहिला. निकाल तर तोंडपाठ होता, पण आता निळ्या शाईत कारण लिहावे लागत होते. अर्व्हिंगच्या वेळी गुण बरोबरीत होते, शॉट चुकला असता तरी क्लीव्हलँड पिछाडीवर पडले नसते, आणि सहकारी जे. आर. स्मिथच्या स्क्रीनमुळे (बचावपटूच्या वाटेत उभे राहून केलेल्या अडथळ्यामुळे) थॉम्पसनऐवजी करी समोर आणण्याचा जो बेत टाइमआउटमध्ये आखला गेला असावा तो तंतोतंत साधला होता. तरीही त्या हंगामात अर्व्हिंग तीन थ्री-पॉइंटरपैकी एकही धड टाकत नव्हता. त्याचे प्रमाण ३२.१ टक्के होते. करीचे त्याच हंगामातले प्रमाण ४५.४ टक्के होते आणि त्याने एकूण ४०२ थ्री-पॉइंटर टाकून विक्रम केला होता. नुसत्या टक्क्यांवर जायचे तर ‘उतावळा’ हा शब्द करीच्या वाट्याला येण्याचे कारणच नाही. मात्र त्या रात्री थ्री-पॉइंटरमध्ये तो १४ पैकी ४ वर थांबला, आणि माझ्या मते त्याच्या शॉटमधली खरी उणीव वेगळी होती: तीन गुणांची पिछाडी आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ हातात असताना लव्हला वळसा घालून झटपट दोन गुण घेण्याचा रस्ता होता, आणि लव्हने पाय हलते ठेवून थ्री-पॉइंटरची जागा दिलीच नव्हती. हे मत चेंडू आत गेला असता तरी मी बदलले नसते. असे म्हणता येते तेव्हाच ते मत आपले असते.

दुसऱ्यांदा पाहताना आणखी एक गोष्ट हाती लागली. १ मिनिट ५० सेकंद उरले असताना क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने मागून धावत येऊन वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोदालाचा लेअप (रिंगजवळ उडी घेऊन टाकलेला शॉट) रिंगमागच्या बोर्डवर थोपवला, तो क्षण सगळ्यांनाच पाठ आहे. माझ्या पहिल्या अहवालात त्यावर अर्धे पान होते आणि स्मिथचे नावही नव्हते. चित्र थांबवल्यावर दिसते की करी आणि इग्वोदाला यांच्यासमोर एकटा स्मिथ होता, आणि इग्वोदालाने लेअपसाठी उडी घेतली तेव्हा स्मिथच्या हाताला चुकवण्यासाठी त्याला चेंडू हवेत थोडा खाली घ्यावा लागला. लेब्रॉनला पोहोचायला जो क्षणार्ध लागला तो स्मिथने मिळवून दिला होता. त्याआधी चौथ्या क्वार्टरमध्ये वॉरियर्सचा फेस्टस एझिली समोर आल्यावर लेब्रॉनने आधी तीन फ्री थ्रो आणि मग थ्री-पॉइंटर असे लागोपाठ सहा गुण केले, ८३-८७ चे ८९-८७ झाले, आणि तोही शॉटपेक्षा स्विचचाच हिशेब होता.

आता थोडे कडवट बोलते. दहा मिनिटांच्या निवडक क्षणांच्या चित्रफिती पाहून विश्लेषण शिकता येत नाही. त्यात चुकलेले शॉट जवळजवळ नसतातच, म्हणजे सापळा आयताच रचून मिळतो. समालोचकांचा आवाजही बंद ठेवावा, ते निकाल आपल्या आधी आणि मोठ्याने सांगतात. मार्गदर्शक निवडताना मी एकच गोष्ट पाहते: सामन्याबद्दल बोलताना तो ‘कदाचित’ म्हणतो की नाही. ज्यांच्याकडे प्रत्येक शॉटचे उत्तर तयार असते आणि जे तयार तक्ते विकतात, त्यांच्याकडे मी एक वर्ष आणि बरेच पैसे घालवले आहेत. शिवाय या कामात पूर्णवेळ जागा थोड्या आहेत, हेही आधीच माहीत असलेले बरे. सुरुवातीची दोन वर्षे मी संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या घेऊन हे काम केले, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचा हंगामपूर्व सामना झाला, तेव्हा मी गॅलरीत वही घेऊन बसले होते. प्रत्यक्ष सामन्यात चित्र थांबवायची सोय नसते आणि गुणफलक झाकता येत नाही. चेंडू हातातून सुटताच मान खाली घालायची, ‘ब’ किंवा ‘चु’ एवढे एक अक्षर लिहायचे आणि लोकांच्या ओरडण्यावरून निकाल कळू द्यायचा, एवढाच नियम मी ठेवला. पेसर्सनी तो सामना १३०-१०६ असा एकतर्फी जिंकला. घरी येऊन मोजले तेव्हा माझ्या वहीत किंग्जच्या नावापुढे ‘ब’ जास्त होते. शेजारी बसलेल्या एका काकांनी मध्यंतरात विचारले होते की मी दर वेळी नेमकी बघायच्या क्षणी खाली का पाहते, आणि मी त्यांना वही दाखवली, तर पुढच्या क्वार्टरला त्यांनी माझे दुसरे पेन मागून घेतले.