रिकाम्या बीमचं गणित आधी करा

जालन्याजवळच्या एका प्रीकास्ट यार्डात, म्हणजे काँक्रीटचे बीम आधीच ओतून तयार ठेवतात तिथं, मी डिझाइन तपासते. कागद हातात आले की बीमवर काहीच भार नसतो त्या दिवसाचं पान आधी शोधते. बऱ्याचदा ते पान नसतंच. आरसीसी, म्हणजे नुसत्या सळईच्या बीमला वजन कमी तितकं सुख. प्रीस्ट्रेस्ड बीमच्या स्ट्रँड, म्हणजे पिळलेल्या पोलादी तारा, खालच्या अंगाला ओढून बसवलेल्या असतात, त्यामुळे त्याची पाठ वर उचलू बघते आणि वरचं वजनच तिला आवरतं. म्हणून वजन यायच्या आधीचे दिवस नाजूक.

हातानं करता येईल असं उदाहरण घ्या. बीम १२ मीटर लांब, ३०० बाय ६०० मिलिमीटर, काँक्रीट एम ४०, म्हणजे २८ दिवसांनी ४० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकदीचं (आयएस १३४३ या भारतीय मानकाप्रमाणे प्रीटेन्शनिंगला, म्हणजे स्ट्रँड आधी ताणून मग काँक्रीट ओतायच्या पद्धतीला, याहून कमी चालत नाही). खाली १२.७ मिलिमीटरच्या सात स्ट्रँड, त्यांचा मध्य बीमच्या मध्यापासून २०० मिलिमीटर खाली. कापल्यानंतर त्यांत उरलेलं बल ९०० किलोन्यूटन धरा.

पहिला टप्पा स्ट्रँड कापण्याचा. काँक्रीट घट्ट झालं की स्ट्रँड टोकांशी कापतात आणि त्यांची ओढ बीमवर येते. ९०० भागिले क्षेत्रफळ, म्हणजे सगळीकडे ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर दाब. मध्यापासूनच्या अंतरामुळे १८० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट (वाकवणारा जोर) येतो, त्याचे खाली १० दाब आणि वर १० ताण. म्हणजे खाली १५ दाब, वर ५ ताण. बीमचं स्वतःचं वजन मीटरला ४.५ किलोन्यूटन. त्याचा मधला मोमेंट ८१, त्यानं ४.५ भरून निघतात. मध्यावर वर फक्त ०.५ ताण राहतो आणि डिझायनर खूश होतो. पण टोकाकडे वजनाचा मोमेंट जवळजवळ नसतो! स्ट्रँडची पकड पूर्ण बसायला व्यासाच्या साठपट, म्हणजे पाऊण मीटर लागतं असं धरलं, तर तिथंच वर सुमारे ४ ताण सापडतो. क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचा चाचणीचा नमुना, ३५ ला फुटत असेल तर ०.७ गुणिले वर्गमूळ ३५, म्हणजे ४.१ ला काँक्रीट चिरतं. जेमतेम सुटलो. म्हणून २८ दिवसांची ताकद इथं वापरू नका. कापायच्या सकाळी बीमशेजारीच ठेवलेला क्यूब फोडा आणि तोच आकडा घ्या.

दुसरा टप्पा उचलण्याचा, आणि सगळ्यात जास्त चुका मी इथंच पाहिल्या आहेत. आरसीसीची सवय असलेला माणूस हुक लांबीच्या पाचव्या हिश्शावर लावतो, कारण तिथं मोमेंट समान वाटले जातात. या बीमला ते २.४ मीटरवर येतं. बाहेर लोंबणारा भाग वरच्या बाजूला आणखी ०.७ ताण देतो, एकूण ५.७. चीर ठरलेली. हुक १.२ मीटरवर आणला तरी ५.२ होतात. त्यामुळे मी दोन स्ट्रँडना दोन्ही टोकांकडून सव्वादोन मीटर प्लास्टिकची नळी घालायला लावते. नळीत काँक्रीट त्यांना धरत नाही, म्हणून टोकाकडचं बल सातातले पाच भाग उरतं आणि १.२ मीटरच्या हुकशी ताण ३.७५ वर येतो. क्रेनचा झटका वेगळा धरा, आणि हुकपाशी वरच्या बाजूला साधी सळई द्याच.

तिसरा टप्पा, थप्पीचा. पुस्तकात याला दोन ओळी मिळतात. आमच्याकडे त्याला अख्खा पावसाळा लागतो. माझे वडील परभणीकडचे शेतकरी. काळ्या रानात पाऊस लागला की बैलगाडीचं चाक कुठवर रुतेल हे त्यांना पावलाखालच्या मातीवरून कळायचं. मी पूर्वी जिथं होते त्या यार्डात काळ्या मातीवर नुसती खडी टाकून बीम रचले होते. जुलैत टोकाखालचे ठोकळे खचले आणि बीम मधल्या जादाच्या ठोकळ्यावर टेकले. दोन्ही टोकं अधांतरी राहिली, वजनाचा मोमेंट उलटा झाला आणि वरचा ताण जितका कमी करायचा तितकाच वाढवू लागला. अकरा बीमच्या पाठीवर चिरा गेल्या. मला अजून वाईट वाटतं, कारण हे गणित दहा मिनिटांचं होतं. काळी माती उकरून काढा, मुरूम भरून रोलर फिरवा, पाण्याला वाट द्या. ठोकळे दोनच, टोकांजवळ, आणि थप्पीतले एकाखाली एक ओळंब्यात. ट्रकवरही टेकू तिथंच.

थप्पीत बीम वर वाकत जातो तेही नोंदवा. कापल्या दिवशी उदाहरणातल्या बीमचा कॅम्बर, म्हणजे मध्याचा वरचा बाक, १३ मिलिमीटरच्या आसपास येतो. क्रीपमुळे, म्हणजे दाबाखाली काँक्रीट हळूहळू आखडत जातं त्यामुळे, तो वाढतो. एका गाळ्यात एक बीम जुना, एक ताजा लावला तर स्लॅबची जाडी जुळत नाही.

पुढचा टप्पा ओल्या स्लॅबचा. दीड मीटर रुंद, १५० जाड स्लॅबचं वजन एकटा बीमच उचलतो, कारण ओलं काँक्रीट कुणाला मदत करत नाही. तोवर बल आणखी १५ टक्के उतरलं धरलं तर मध्यावर खाली १२.७५ दाब उरतो. वजनं त्यातले १०.१ खातात. २.६ शिल्लक. नंतर वरून जाणाऱ्या वाहतुकीचा भार या शिलकीवर येतो, पण तो बीम आणि स्लॅब मिळून झालेल्या मोठ्या छेदावर मोजायचा. आधीचे स्ट्रेस जुन्या छेदावरचेच राहतात, दोन्ही फक्त बेरजेत भेटतात. सगळा भार एकदम मोठ्या छेदावर टाकणारं सॉफ्टवेअर खोटी शिल्लक दाखवतं, म्हणून त्यात बांधकामाचे टप्पे भरलेत का ते बघा. बीमची पाठ खरबरीत ठेवलेली नसेल तर मोठा छेद धरूच नका.

शेवटी शिअर (आडवा कापणारा जोर) आणि मोडण्याच्या भाराची तपासणी नेहमीसारखीच, फक्त नळीतल्या स्ट्रँड टोकाला मोजू नका.

आणि नकाशावर हुक आणि ठोकळ्यांची जागा मिलिमीटरमध्ये लिहा. आमच्या यार्डात प्रत्येक बीमवर कापल्याची तारीख आणि टेकूच्या दोन लाल रेघा रंगवल्याशिवाय क्रेनवाला दोर लावत नाही.