फिल्टर घराबाहेर ठेवताय? मग गोड्या पाण्याची नळी आधी बघा

तळघर मोकळं असेल तर समुद्री माशांच्या टँकचा फिल्टर तिथेच ठेवा, पुढचं वाचायची गरज नाही. कॅनडातल्या कॅल्गरीसारख्या थंड गावात समुद्री टँकचा संप, म्हणजे पंप, स्किमर (फेसातून मळ काढणारं यंत्र) आणि हीटरची खालची टाकी, घराबाहेरच्या शेडमध्ये नेणं हा नाइलाजाचा उपाय आहे. तळघर भाड्याने दिलेलं असतं, स्किमरची घरघर बैठकीच्या खोलीत सोसत नाही, खिडक्यांवर रोज पाणी साचतं. करायचंच असेल तर ऑगस्टमध्ये करा. थंडीत पीव्हीसीचं सोल्युशन वाळायला फार वेळ घेतं, पाइप ठिसूळ होतो, आणि उणे वीसमध्ये हातमोजे घालून युनियन, म्हणजे पाइपांचा खोलता येणारा सांधा, आवळता येत नाही.

शेड टँकच्याच भिंतीला चिकटून बांधा, म्हणजे पाइप भिंतीतून सरळ आरपार जातील. जमिनीखालून न्यायचा विचार सोडा, इथे जमीन मीटरभराहून खोल गोठते. भिंती, छप्पर आणि दार यांना दोन इंची फोम लावायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. जमीन मात्र विसरली जाते, आणि शेडमधली सगळ्यात थंड जागा तीच. फोमच्या आतल्या बाजूने प्लास्टिकचा जाड कागद लावा आणि त्याचे सांधे टेपने बंद करा. संपातलं २५ अंशांचं पाणी सतत उडत असतं. ती वाफ थंड लाकडापर्यंत पोचली की तिथे हिमाचा थर धरतो. मग चिनूक, म्हणजे डोंगरांवरून येणारा उबदार वारा, सुटतो, उणे पंचवीसवरचा पारा एका दिवसात शून्यावर चढतो आणि तो थर छतावरून ठिबकायला लागतो. म्हणून सॉकेट छताखाली मधोमध नकोत, संपाच्या वर तर नकोतच. बाजूच्या भिंतीवर उंच लावा आणि प्रत्येक वायरला सॉकेटच्या खाली एक झोळ सोडा.

आता गोडं पाणी. इथे सावकाश वाचा.

सगळी भीती खाऱ्या पाण्याची असते, पण ते उणे १.९ अंशांपर्यंत गोठत नाही, शिवाय ते कोमट असतं आणि वाहतं. उडालेल्या पाण्याची भर घालणारी टॉप-अपची नळी याच्या अगदी उलट. पाव इंची, आत आरओ फिल्टरमधून गाळलेलं, क्षार काढलेलं पाणी, शून्यालाच गोठणारं, आणि ते दिवसातून मोजके काही सेकंदच हलतं. बाकीचा वेळ ते नळीत निपचित पडून असतं. मागच्या खेपेला माझ्याकडे हीटर दोन होते, भिंती नीट झाकलेल्या होत्या, आणि टॉप-अपचा डबा जागा नाही म्हणून दाराजवळ फरशीवर ठेवला होता. संप २५ अंशांवर, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर नळीच्या कोपऱ्यात बोटभर लांबीचा पांढरा बर्फ.

पुढे काय होतं ते समजून घ्या, म्हणजे मी इतकं का सांगतोय ते कळेल. ४०० लिटरच्या टँकमधून रोज ८ लिटर पाणी उडत असेल, तर क्षारता रोज दोन टक्क्यांनी चढते. पण त्याआधीच दुसरं संकट येतं. घट सगळी रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात दिसते. तिथे २५-३० लिटरच पाणी असतं, म्हणजे तीन-चार दिवसांत पंप हवा ओढायला लागतो. हीटर त्याच कप्प्यात असेल तर तो उघडा पडतो आणि तडकतो. घरातून येणारं पाणी थांबतं, आणि मग खाऱ्या पाण्याचीही पाळी येते. सुरुवात पाव इंची नळीतून झालेली असते. सेन्सर बिचारा पाणी मागत राहतो, डब्यातला पंप गुणगुणत राहतो, बाहेरून सगळं ठीक दिसतं.

म्हणून डबा घरात ठेवा. खरंच, घरात ठेवा. नळी मुख्य पाइपांच्या जोडीने, त्यांना टेकवून, एकाच फोमच्या वेष्टणातून न्या. शेडमध्ये ती फरशीवरून किंवा बाहेरच्या भिंतीच्या कडेने फिरवू नका. शेवटचा तुकडा संपाकडे उतरता ठेवा. तोंड पाण्याच्या वर असू द्या, नाहीतर सायफन होऊन डबा संपात रिकामा होईल. आरओचं युनिटही घरातच. त्यातला गाळणारा पडदा एकदा गोठला की गेला. त्याची क्षमता २५ अंशांच्या पाण्यावर मोजलेली असते. जानेवारीत नळाला येणारं पाणी बर्फासारखं असतं आणि उत्पादन निम्म्यावर येतं, तेव्हा साठा आधीच करा.

हीटर दोन, प्रत्येक निम्म्या ताकदीचा, दोन वेगळ्या सर्किटवर, वर वेगळा कंट्रोलर. एकच मोठा हीटर चालू स्थितीत अडकला तर सगळं शिजतं. आणि गळती ओळखून वीज तोडणारं सॉकेट दमट शेडमध्ये विनाकारणही बंद पडतं, तेव्हा दोन्ही हीटर एकाच सॉकेटवर नकोत.

वीज गेली तर? १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अल्बर्टात, म्हणजे कॅल्गरीच्या प्रांतात, फोनवर सरकारी इशारा आला होता, वीज कमी वापरा म्हणून. थंडी सगळ्यात कडक असते तेव्हाच ग्रीडवर ताण येतो. संपातलं १०० लिटर पाणी एक अंशाने उतरायला जेमतेम ११६ वॉट-तास जावे लागतात, शेडमधून ते अर्ध्या तासातही जातात. बॅटरीवर हीटर चालवायच्या फंदात पडू नका. बॅटरीवर रिटर्न पंप चालवा, घरातल्या टँकची ऊब तो आणेल. अंधार लांबला तर पंप बंद करा आणि संप रिकामा करा, मासे घरात आहेत. त्यासाठी सगळे पाइप उतारावर हवेत, पंप थांबताच पूर्ण रिकामे होणारे, आणि ते पाणी मावेल एवढी जागा संपात हवी. पाणी उलट येऊ न देणाऱ्या चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात चुन्याच्या नळ्या बांधणारे किडे घर करतात.

स्किमरचा मळ जमणारी बाटली आतच. टँकमध्ये थेंबथेंब घालायचं सोडा ॲशचं द्रावण थंडीत स्फटिक होऊन बसतं, त्याची बाटली आणि नळीही आत. स्किमरला बाहेरची हवा दिली तर पीएच सुधारतो, पण उणे तीसची हवा थेट ओढू नका. ओलसर हवा बाहेर काढायला छोटा पंखा, दमटपणावर चालणारा. तापमानाचा अलार्म फोनवर, आणि त्याची काडी संपात नव्हे तर गोड्या पाण्याची नळी जिथे सगळ्यात थंड आहे तिथे. संपाचा आकडा तुम्हाला खोटा धीर देतो.

बाकी: जास्तीचा पंप, दारासमोरचा बर्फ काढायला फावडं, मिठाची बादली घरात. सप्टेंबरमध्ये मुख्य स्विच बंद करून संप ओसंडत नाही ना ते बघा. पारा उणे दहाच्या खाली जाईल त्या पहिल्या रात्री टॉप-अपचा पंप हाताने चालवा आणि नळीच्या तोंडातून पाणी पडताना बघा. पडलं नाही तर त्याच रात्री नळी काढा आणि बादलीने भर घाला, सकाळवर ढकलू नका.