होम लोनचं पत्र बँकेतून आलंय? फाडून टाकायच्या आधी असं वाचा

आम्ही ठाण्यात कोलशेतला राहतो, इथे लिफ्टमध्ये दोन माणसं भेटली की पाणी, घोडबंदरचं ट्रॅफिक आणि ईएमआय, यापलीकडे विषय जात नाही. २०२५ मध्ये रेपो रेट (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो) कमी झाल्याच्या बातम्या यायला लागल्या तेव्हा आठव्या मजल्यावरचे काका मला म्हणाले, अरे सव्वा टक्का कमी झाला म्हणतात, मग माझा हप्ता जागचा का हलत नाही? म्हटलं, कागद घेऊन या, बघू. त्या दिवशी जे बघितलं तेच इथे लिहितोय.

आधी कागद जमवा. सँक्शन लेटर (लोन मंजूर झाल्याचं पत्र), लोनचं ताजं स्टेटमेंट, आणि दर बदलल्याचं पत्र किंवा मेसेज. सँक्शन लेटर सापडत नसेल तर ब्रँचमधून कॉपी मागा, स्टेटमेंट नेटबँकिंगवर मिळतं.

मग बेंचमार्क शोधा. तुमचा व्याजदर कशाला बांधलाय, तो शब्द. १ ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं होम लोन घेतलं असेल तर ते बाहेरच्या बेंचमार्कला बांधलेलं असतं, बहुतेक वेळा रेपोला. त्याआधीचं असेल तर एमसीएलआर, म्हणजे बँकेला स्वतःला पैसा कितीला पडतो यावरून बँकच काढते तो दर, आणि २०१६ च्या आधीचं असेल तर बेस रेट, तोही बँकेनेच ठरवलेला जुन्या पद्धतीचा दर. हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन असेल तर त्यांचा आपला वेगळा पीएलआर, म्हणजे कंपनीच ठरवते तो मूळ दर असतो, बँकांचा रेपोचा नियम त्यांना लागू नाही.

काकांचं लोन २०१७ चं, म्हणजे एमसीएलआरवालं, आणि त्याचा दर वर्षातून एकदाच बदलणार, तोही बँकेचा एमसीएलआर जेवढा उतरला असेल तेवढाच. टीव्हीवर रेपो कितीही खाली येऊ दे.

रेपो म्हणजे काय ते एकदा समजून घ्या. बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसे लागले की त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उचलतात, त्याचा दर म्हणजे रेपो. सहा जणांची पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसून तो ठरवते. २०२५ च्या सुरुवातीला तो ६.५० होता, फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर अशा चार वेळा कापून ५.२५ वर आला. पेपरात १२५ बेसिस पॉइंट लिहितात, घाबरू नका, १०० बेसिस पॉइंट म्हणजे १ टक्का.

आता स्प्रेड, खरी मेख इथे आहे. वाशीच्या मार्केटला कांदा २० रुपये असेल आणि आपला नाक्यावरचा भाजीवाला ३५ ला देत असेल, तर वरचे १५ म्हणजे स्प्रेड. (बँका सगळा पैसा काही रेपोवर आणत नाहीत, बराचसा आपल्या ठेवींचा असतो, पण हिशोब समजायला कांदा चालेल.) रेपो ५.२५ आणि स्प्रेड २.७५ तर तुमचा दर ८. रेपो सगळ्यांना सारखाच, स्प्रेड मात्र ज्याचा त्याचा वेगळा. बऱ्याचदा नवीन गिऱ्हाइकाला कमी स्प्रेड लावतात आणि जुना माणूस जुन्याच स्प्रेडवर हप्ते भरत बसतो, कारण तो विचारायलाच जात नाही. म्हणून त्याच बँकेत आज नवीन लोन कितीला मिळतंय ते बघा आणि आपल्या दराशी ताडून पहा.

रीसेटची, म्हणजे तुमचा दर नव्याने ठरण्याची तारीख बघा. रेपोवालं लोन असेल तर बँकेला तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो, त्यामुळे बातमी आज आली तरी तुमच्या खात्यात फरक दोनेक महिन्यांनी दिसू शकतो.

आणि शेवटी ठरवा, हप्ता कमी की मुदत कमी. समजा ३० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के. हप्ता २६,०३५. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० नुसतं व्याज, मुद्दल फिटतं फक्त ४,७८५ (हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला जेवण गेलं नव्हतं). दर ८ झाला आणि तुम्ही हप्ता कमी करून घेतला तर तो होतो २५,०९३, महिन्याला ९४२ रुपये सुटले, मुलांना एकदा मिसळ खायला नेलं की संपले. हप्ता तोच ठेवलात तर लोन २४० च्या ऐवजी २२० महिन्यांत फिटतं आणि हप्ता कमी करण्यापेक्षा एकूण व्याजात जवळपास २ लाख ९४ हजार जास्त वाचतात. घरात ओढाताण असेल तर हप्ता कमी करा, त्यात काही लाज नाही, नाहीतर मी मुदतच कमी करा म्हणेन.

दर वाढतात तेव्हा उलटं होतं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ वर गेला तेव्हा कितीतरी जणांचा हप्ता तसाच राहिला आणि मुदत गुपचूप रिटायरमेंटच्या पुढे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की रीसेटच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, दोन्ही थोडं थोडं करायचं की काही रक्कम आधीच भरायची, हा पर्याय बँकेने गिऱ्हाइकाला द्यायलाच हवा. फ्लोटिंग होम लोन स्वतःच्या नावावर असेल तर आधी भरल्याबद्दल बँक दंड लावू शकत नाही, हेही लक्षात ठेवा.

बँकेत जाताना तोंडी बोलू नका, अर्ज किंवा ईमेल द्या आणि पोच घ्या. तीनच गोष्टी लिहा: माझं लोन रेपोवर बदलून द्या, त्याचा चार्ज किती ते सांगा, माझा स्प्रेड कमी करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. दुसऱ्या बँकेत लोन नेणार असाल तर तिथली प्रोसेसिंग फी, वकील, स्टॅम्प ड्युटी सगळं धरून मगच फायदा मोजा, शेवटची चार-पाच वर्षं राहिली असतील तर बहुतेक परवडत नाही.

काकांनी अर्ज दिला, थोडा चार्ज भरला, लोन रेपोवर आलं. हप्ता तेवढाच ठेवलाय, लिफ्टमध्ये आता फक्त पाण्याबद्दल बोलतात.